विगोरचं नाव कोणत्या यादीत

रोलीन ऑबेला काही द्यायचं म्हणजे आधी दहादा विचार करावा लागे. तुम्ही तिला दोन सफरचंदं दिलीत, की दुसऱ्या दिवशी ती माशाच्या डोक्यांचं कालवण घेऊन दारात उभी. भांडं परत करताना रिकामं कसं द्यायचं म्हणून तुम्ही त्यात मूठभर वाटाणे घातलेत, की संपलंच. संध्याकाळी बाई तुमच्या पोराच्या फाटक्या विजारीला ठिगळ लावायला हजर. उपकारात रोलीनशी बरोबरी करायला निघालात तर घरदार विकायची पाळी येईल, असं आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

बरं, हे सगळं ती गोड बोलून करायची असंही नाही. "घे, ढोस. आणि भांडं उद्या सकाळी हवंय मला," असं म्हणून ती पाठ फिरवायची. आमच्या ओंफ्लर बंदराच्या धक्क्यावर तिनं तीस वर्षं खारा कॉड मासा धुतला. हात कोपरापर्यंत लाल, मिठानं चिरलेले, आणि तोंड हातांपेक्षा खारट. पण त्याच तोंडानं ती दिवसभर कुणाचे ना कुणाचे आभार मानत असे. भरती वेळेवर आली म्हणून भरतीचे, मीठ कोरडं राहिलं म्हणून मिठाचे, दाढ दुखायची थांबली म्हणून दाढेचे. शेजारची बाई पाठदुखीनं कण्हायला लागली की ही खेकसायची, "पाठ आहे म्हणून दुखतेय ना? मग मान की आभार!"

माझ्या आईच्या बाळंतपणात रोलीन तीन दिवस आमच्या घरी होती, आणि गावाला शत्रूचा वेढा पडला त्या वर्षी तिच्याच पिंपातल्या माशावर आमची गल्ली जगली. तेव्हा तिच्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा तिच्याकडे झुकणारच. ते आधीच सांगून ठेवतो.

नवरा लवकर गेला. मुलगा एकच, विगोर. उंच, कामाला चांगला, पिंपं बांधणाऱ्या एका कारागिराकडे कामाला होता. विसाव्या वर्षापर्यंत त्यानं आईला फारसा त्रास दिला नाही आणि मग एकदम सगळा दिला.

आमच्या बंदरातून जहाजं ब्राझीलला जायची ती लाल लाकूड आणायला. रंगारी ते किसून कापडाला रंग देतात. पण त्या नोव्हेंबरात जी तीन जहाजं निघाली ती लाकडासाठी नव्हती. तिकडे एका खाडीतल्या बेटावर आपल्या लोकांनी किल्ला बांधायला घेतला होता आणि आता तिथे गाव वसवायचं होतं. सुतार हवे होते, गवंडी हवे होते, पाव भाजणारे, पिंपं बांधणारे हवे होते. लग्नासाठी पाच मुली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाईसुद्धा नेली. आणि माणसं गोळा करायला खानावळीत बसला होता आन्सेल.

आन्सेल आमच्याच गावचा. पोरवयात एका जहाजानं त्याला तिकडे सोडलं, तिथल्या लोकांत राहून तो त्यांची भाषा शिकला आणि दुभाष्या झाला. खानावळीत बसून तो सांगायचा, की तिकडे थंडी नाही, सावकार नाही, माणसं दोन खांबांना जाळीची झोळी बांधून झोपतात आणि मासे स्वतःहून जाळ्यात येतात. विगोरनं एक संध्याकाळ हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नाव नोंदवून आला. रोलीनला कळलं तेव्हा त्याची पेटी भरून झाली होती. तिनं त्याला दोन शिव्या दिल्या, आन्सेलला वीस दिल्या, आणि पेटीत चीजचा एक गोळा कोंबून म्हणाली, "पोचलास की सांगावा धाड."

"पोचलो की धाडतो, आई," तो म्हणाला. त्यानंतर अकरा वर्षं सांगावा आला नाही.

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत फादर नावं वाचतात. सुरुवात राजापासून. मग समुद्रावर असलेले, मग मेलेले, आणि शेवटी चर्चवर ज्यांचे उपकार आहेत ते. प्रत्येक यादी वाचून झाली की सगळे मिळून आमेन म्हणतात. जहाजं गेली त्या रविवारी समुद्रावर असलेल्यांत गावातली एकवीस नावं वाढली, त्यात विगोर ऑबे हे एक.

पुढे तिकडच्या बातम्या थेंब थेंब यायला लागल्या. किल्ल्यावरचा सरदार फार कडक निघाला. मिस्सेतला पाव आणि द्राक्षरस ह्यांवरून लोकांत भांडणं पेटली. बेटावर प्यायला पाणी नव्हतं. मग पोर्तुगीजांची गलबतं आली आणि त्यांनी किल्ला पाडला. काही माणसं परत आली, काहींच्या मरणाची पक्की खबर आली. घरोघरच्यांनी आपापली नावं एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत घातली. विगोरचं काय झालं ते मात्र कुणालाच धड सांगता येईना. एक म्हणाला, तो पळून किनाऱ्यावरच्या रानात गेला. दुसरा म्हणाला, बुडाला. तिसऱ्यानं सायडरच्या एका पेल्यासाठी सांगितलं, की त्याला रानटी लोकांनी भाजून खाल्ला. रोलीननं हातातला ओला कॉड त्याच्या थोबाडावर मारला. आख्खा मासा होता, चांगला दीड हात लांब.

म्हणून विगोरचं नाव तिथेच राहिलं. मासेमारीची जहाजं वसंतात जायची, शरदात यायची आणि त्यांवरच्या माणसांची नावं यादीत चढायची, उतरायची. जानेवारीत सगळ्या होड्या धक्क्याला बांधलेल्या असत. तेव्हाही फादर "समुद्रावर असलेल्यांसाठी" म्हणत आणि एकच नाव वाचत. आम्ही मुलं एकमेकांना कोपरं मारायचो. थोरांपैकी कुणी हसायचं नाही.

फादर भले गृहस्थ होते. त्यांनी तिला बऱ्याचदा समजावलं.

"रोलीनबाई, तो गेला असेल तर त्याच्या आत्म्याला आपल्या प्रार्थनेची गरज आहे. अकरा वर्षं तुम्ही त्याला उपाशी ठेवलंय असं होईल."

"आणि असला जिवंत तर? आईनंच मेलेल्यांत लोटला असं होईल. ते चालेल?"

"मग करायचं काय?"

"मेलेला कुणी पाहिला ते आणा. मग मी माझ्या तोंडानं सांगेन."

बोलताना ती ठाम असे, पण घरी ह्याच गोष्टीनं तिला पोखरलं होतं. जिवंत समजावं तर मेलेल्या पोराचा हक्क बुडतो, आणि मेला समजावं तर जिवंत पोर हातानं गाडल्यासारखं होतं. एकदा माझ्या आईपाशी ती म्हणाली होती, "कुठली तरी एक यादी मिळू दे गं त्याला. कुठलीही चालेल मला आता."

अकराव्या वर्षी ऑक्टोबराच्या सुरुवातीला लाल लाकडाचं जहाज आलं आणि त्यातून आन्सेल उतरला. केस पांढरे, अंग वाळलेलं. बरोबर सात वर्षांची एक मुलगी, यासी नावाची. तिची आई तिकडचीच, ती वारली होती. आन्सेलची बहीण पेरेत दोरखान्यामागे राहायची. तिच्या दोन खोल्यांत दोघांनी बिऱ्हाड मांडलं.

आन्सेल रोलीनकडे गेला नाही. आणि गंमत म्हणजे, धक्क्यावर ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जाणारी रोलीनही त्याच्याकडे गेली नाही. "त्याला पाय नाहीत का?" म्हणायची. खरं कारण सगळ्यांना कळत होतं. विचारलं नाही तोवर नाव होतं तिथे राहणार होतं. असे तीन आठवडे गेले.

तेवढ्यात गावात त्या मुलीची चर्चा सुरू झाली. बेकरीवाली पेरेतकडे तांबूस पोर कशी दिसते ते बघायला म्हणून गेली. यासीनं तिला बाकावर बसवलं, स्वतः पायाशी उकिडवी बसली, डोळ्यांवर हात घेतले आणि ढसाढसा रडायला लागली. बेकरीवाली घाबरून पळाली, घरी येऊन बघते तर कोंबडी मेलेली. झालं! पोरीच्या डोळ्यांत काहीतरी आहे, असं ठरलं. मग सुताराची बायको जाऊन आली, तिच्यासमोरही तोच प्रकार. ती म्हणाली, डोळ्यांत काही नाही, आन्सेल पोरीला मारत असणार. पेरेतनं शपथा घेऊन सांगितलं, की पोर एरवी दिवसभर हसत असते, पाहुणा दिसला की रडते. ह्यावर बायकांनी काढायचा तोच अर्थ काढला.

शेवटी मृतांचा सण आठवड्यावर आला. फादरनी रोलीनला काही विचारलं नाही, नुसतं धक्क्यावरून जाताना तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी दुपारी काम उरकल्यावर तिनं हात धुतले, डोक्याचं फडकं बदललं, कॉडचा शेपटीकडचा चांगला तुकडा पानात गुंडाळला आणि चढ चढून पेरेतकडे गेली. रिकाम्या हातानं ती मरणाच्या दारीही गेली नसती.

दार पेरेतनं उघडलं. "या रोलीनमावशी," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. यासी चुलीपाशी चेस्टनट सोलत होती. रोलीनला बघताच ती उठली, तिच्या झग्याला धरून तिला बाकापर्यंत ओढत नेलं, बसवलं आणि पायाशी उकिडवी बसली. मग दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले आणि रडायला लागली. साधंसुधं रडणं नव्हतं ते. मोठ्या बाईसारखं, सूर लावून, मध्येमध्ये काहीतरी पुटपुटत.

रोलीनच्या हातातला मासा मांडीवरून घरंगळून खाली पडला. तिला वाटलं, कळलं आपल्याला सगळं. तीन आठवडे हा मेला आला नाही तो ह्यासाठी. स्वतःच्यानं सांगवेना म्हणून पोरीवर सोपवलं.

"कधी?" ती म्हणाली. "कधी गेला?"

आतल्या खोलीतून आन्सेल धावत आला. "काकू, नाही, नाही! तसं नाही ते! ती तुम्हाला या म्हणतेय!"

"काय?"

"तिकडची रीत आहे. घरी माणूस आलं की आधी त्याच्यासाठी रडतात. किती लांबून आलात, वाटेत किती सोसलंत, आमच्यासाठी केवढे कष्ट घेतलेत, असं म्हणतात. मग बोलायला लागतात. वाईट काही नाही हो त्यात. मानाचं आहे ते."

रोलीन त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मेल्या! अरे जीव गेला होता माझा! म्हणजे काही झालेलं नाही? विगोरचं?"

आन्सेलचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. पेरेतनं मान खाली घातली. एक कांदा चिरायला लागावा तेवढाच वेळ, पण तेवढा वेळ त्या बाकावर रोलीनचा मुलगा जिवंत होता.

"काकू..." आन्सेल म्हणाला.

"थांब," रोलीन म्हणाली. "पोरीचं होऊ दे."

यासीचं अजून संपलं नव्हतं. चढावरून चालत आलेल्या ह्या म्हाताऱ्या बाईसाठी तिला जेवढं रडायचं होतं तेवढं ती रडली. रोलीन मांडीवर हात ठेवून ऐकत बसली. तिला एक शब्द कळत नव्हता. पण इतक्या वर्षांत तिनं काय सोसलं हे कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनं विचारू दिलंही नसतं. यासीनं बाहीला नाक पुसलं, वर पाहिलं आणि हसून म्हणाली, "एरेजुपे?"

"काय म्हणते?"

"आलात का, विचारते."

"मग काय म्हणायचं?"

"आले म्हणायचं."

"आले गं बाई," रोलीन म्हणाली. "आले." मग ती आन्सेलकडे वळली. "आता बोल. आणि काही गाळू नकोस, नाहीतर तो मासा आहेच इथे."

आन्सेल जमिनीवरच बसला आणि सांगायला लागला. बेटावर विगोरला पिंपं बांधायला नेलं होतं, पण पहिल्या दिवसापासून त्याला दगड वाहायला लावले. खायला मूठभर कंदाचं पीठ, प्यायला हौदातलं हिरवं पाणी. चार महिन्यांनी तो आणि आन्सेल एका लाकडी डोणीतून पलीकडच्या किनाऱ्यावर पळाले आणि आन्सेलच्या ओळखीच्या गावात गेले.

"पाय फाटलेले, पोटात काही नाही. गावातल्या बायकांनी त्याला झोळीत बसवलं आणि चहूबाजूंनी बसून रडायला लागल्या. तो घाबरला, काकू. माझा हात धरून म्हणाला, आन्सेल, ह्या बायका माझ्यासाठी रडतायत, म्हणजे आज रात्रीचं जेवण मीच आहे."

रोलीनला हसू आलं. "गाढव. मग?"

"मी त्याला समजावलं. तुम्हाला सांगितलं तेच. तर तो जो रडायला लागला तो थांबेचना. पाहुण्यानं थोडंसं रडायचं असतं, तेवढीच रीत आहे. हा दुपारपर्यंत रडला. त्या घरातली थोरली बाई आरापोती, तिनं त्याची मान धरून ठेवली होती. मला म्हणाली, ह्या पोरासाठी इतके दिवस कुणी रडलं नाही का?"



मग तो तिच्याच घरात राहिला, आन्सेल म्हणाला. सहा वर्षं. मासे पकडायला दोन दिवस पलीकडे गेला तरी परत आला की आरापोती त्याच्यासाठी रडायची. हा तिला म्हणायचा, अगं, नदीपलीकडेच तर गेलो होतो. ती म्हणायची, पाणी ओलांडलंस ना? एकदा त्यानं तिकडच्या लाकडाचं उत्तम पिंप बांधलं. त्याचं काय करायचं ते गावात कुणालाच कळेना. पोरं त्यात लपून बसायची. शेवटी म्हातारीनं त्यात पीठ भरलं आणि येईल त्याला अभिमानानं दाखवायला लागली.

"चार वर्षांपूर्वी देवीची साथ आली. जहाजांतूनच आली असणार, आमच्या नाहीतर पोर्तुगीजांच्या. अर्धं गाव गेलं." आन्सेल थांबला. "मी नव्हतो तिथे. नदीच्या वरच्या अंगाला गेलो होतो लाकडासाठी. आलो तेव्हा सगळं झालं होतं. म्हणून तुम्हाला तोंड दाखवत नव्हतो. मीच नेला त्याला, आणि मीच नव्हतो."

"एकटा होता का तो?"

"नाही. जे धडधाकट होते ते रानात पळाले. ती नाही पळाली. ह्याच्या ओठांवर पाणी सोडत बसून होती. त्याच आठवड्यात, त्याच घरात, तिचे दोन नातू गेले. तरी ती ह्याच्याजवळून उठली नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. त्याच्याच झोळीत गुंडाळून पुरला त्याला. आणि तिनं मला सगळं सांगितलं, आज मी सांगतोय तसं, कारण ती म्हणाली, ह्याची आई असणार कुठेतरी."

रोलीननं झग्याच्या टोकानं तोंड पुसलं. आम्हाला वाटलं होतं, ती आन्सेलला फाडून खाईल. निदान पेरेतला तरी तसं वाटलं होतं, म्हणून तिनं सुरी उचलून ठेवली होती. पण रोलीन म्हणाली ते असं, "आहे का रे ती?"

"मी निघालो तेव्हा होती. म्हातारी झालीय. पोर्तुगीज आले तेव्हा गाव उठून आत रानात गेलं. यासीची आई गेल्यावर पोरीला तिनंच सांभाळलं. आजीच म्हणते ही तिला."

"मग मी तिला काय पाठवू?"

"काकू, त्या खाडीवर आता पोर्तुगीज बसलेत, आपलं जहाज आत येऊ देत नाहीत. आणि ती कुठल्या रानात असेल..."

"लोकरीचं काही विणलं तर? नाही, तिथे थंडी नाही म्हणतोस. सुया? सुया चालतील की. कुणा पोर्तुगीजाला देऊन..."

"काही पाठवता येणार नाही, काकू."

मुलगा गेल्याचं ऐकून जी बाई ताठ बसली होती ती हे ऐकून कोलमडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला परतफेड न करता येणारं काहीतरी मिळालं होतं, आणि ते केवढं! पेरेतच्या खांद्यावर डोकं ठेवून ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "माझं पोर बघितलं गं तिनं. स्वतःची पोरं सोडून माझं बघितलं. आणि मी तिला मूठभर मीठसुद्धा देऊ शकत नाही." आन्सेलही रडला. ती जायला निघाली तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू येऊन सांगितलंस. तुझेही आभार, मेल्या. उद्या कालवण पाठवते." उतारावरून खाली येईपर्यंत ती एकच नाव घोकत होती, आणि दोरखान्यातल्या माणसांना वाटलं की बाईचं डोकं फिरलं.

शनिवारी ती फादरकडे गेली. फादर पुढच्या दिवसाच्या याद्या लिहीत होते.

"विगोरला मेलेल्यांत घाला," ती म्हणाली. "देवीनं गेला. चार वर्षं झाली. पाहणाऱ्या माणसानं सांगितलेलं ऐकून आलेय."

फादरनी लेखणी खाली ठेवली, क्रूसाची खूण केली, आणि तिच्या विचारण्याची वाट पाहत बसले. सहसा लोक अशा वेळी विचारतात, की इतकी वर्षं प्रार्थना चुकली त्याचं काय. रोलीननं ते विचारलं नाही.

"आणखी एक नाव आहे. आरापोती."

"ही कोण?"

तिनं सांगितलं. फादर ऐकत राहिले. मग त्यांनी हलक्या आवाजात म्हटलं, "रोलीनबाई, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. मेलेल्यांच्या यादीत मला ती घेता येणार नाही."

"मेलेल्यांत घाला म्हटलंय कुणी? मेली असं कुणी सांगितलंय तुम्हाला? आता पुन्हा एकदा जित्या माणसाला मारायला लावू नका मला. उपकारकर्त्यांत घाला."

"त्या यादीत चर्चवर उपकार करणारे असतात. कुणी घंटा दिली, कुणी छपराला लाकूड दिलं..."

"ह्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेलं पोर होतं ते. ह्याच हौदातलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलंत तुम्ही, मी धरला होता त्याला. शेवटचं पाणी तिनं घातलं. तुम्हाला यायला जमलं नाही, मला जमलं नाही, तिथे ती बसली. ते चर्चवर उपकार नाहीत तर काय आहे? घंटा मोठी की हे मोठं, तुम्हीच सांगा, फादर."

फादरनी कागद जवळ ओढला. मग लेखणी शाईत बुडवली. "नाव पुन्हा सांगा. सावकाश."

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं, कारण रोलीन शनिवारी कुठे गेली होती हे गावाला कळायला रविवार उजाडायची गरज नव्हती. ती पुढे बसली होती. तिच्या एका बाजूला पेरेत आणि आन्सेल, दुसऱ्या बाजूला यासी, डोक्याला रोलीनचं जुनं फडकं बांधलेली. फादरनी राजाचं नाव घेतलं. समुद्रावर असलेल्यांत हेरिंग माशांवर गेलेल्या चार होड्यांच्या माणसांची नावं वाचली आणि थांबले. आमचे कान सवयीनं आणखी एका नावासाठी उघडे राहिले. मग मेलेल्यांत शेवटी आलं, "विगोर ऑबे." रोलीननं मान वर केली आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणाली. स्वच्छ आवाजात म्हणाली. माझी आई शेजारी मुसमुसत होती.

मग उपकारकर्ते. घंटा देणाऱ्या जहाजमालकाचं नाव आलं, छपराचं लाकूड देणाऱ्या विधवेचं आलं. मग फादरनी कागद डोळ्यांजवळ धरला. "आरापोती," ते अडखळत म्हणाले. "ब्राझील देशातली. हिनं आमच्या मुलाला घरात घेतलं."

यासी ताडकन उठून उभी राहिली. तिनं वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. अर्ध्या चर्चनंही तिच्याबरोबर वळून पाहिलं. मग ती आन्सेलला तिच्या भाषेत मोठमोठ्यानं काहीतरी विचारायला लागली. आन्सेल तिला खाली ओढायला लागला.

"काय म्हणते?" रोलीननं विचारलं.

"आजी कुठाय, विचारते. नाव घेतलं, मग आत का येत नाही."

रोलीननं त्या पोरीला उचलून बाकावर उभं केलं, सगळ्यांना दिसेल अशी. "सांग तिला, आजी फार लांब आहे," ती म्हणाली. "तिला ऐकू जायचं तर सगळ्यांनी मोठ्यानं म्हणावं लागेल."

आन्सेलनं सांगितलं. फादर हातात कागद धरून थांबले होते. यासीनं छाती भरून श्वास घेतला, आणि मग सगळ्या चर्चनं, बेकरीवालीसकट, छपराची लाकडं हलतील इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं.